पावतीवर न येणारी फी

परवा सोलापुरात सात रस्त्याजवळ एका पालक मेळाव्यात एका शिक्षणतज्ज्ञांनी (ही पदवी हल्ली कुणीही लावून घेतो) पाच मिनिटांत महापालिकेच्या शाळा निकालात काढल्या. सरकार एका मुलावर जेवढे पैसे उधळतं, त्याहून कमी फीत खासगी शाळा फाडफाड इंग्रजी शिकवते. लोकांनी कौल दिलाच आहे. तेव्हा या शाळांना कुलूप लावा आणि पैसे पालकांच्या हाती द्या. टाळ्या पडल्या.

गृहस्थ हुशार खरे. एका बाजूला शिक्षकांचा पगार, इमारतीची डागडुजी, खिचडीसुद्धा धरली. दुसऱ्या बाजूला नुसती फी. पूर्व भागातला यंत्रमागवालाही सुताच्या भावाबरोबर विजेचं बिल आणि मजुरी धरतो हो!

आता त्यांनी गाळलेली बाजू मांडू. फी भरली की व्हॅन आली. मग पुस्तकांचा गठ्ठा. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी शाळेत फुकट मिळतात. इथे वह्यांवरसुद्धा शाळेचं नाव छापलेलं. गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यायची सक्ती नसते, छे! फक्त तो रंग, ती पट्टी आणि खिशावरचं ते चिन्ह गावात दुसरीकडे मिळत नाही. बूट काळे, शनिवारी पांढरे. स्नेहसंमेलनाला मोराचा पोशाख भाड्याने. हेही एक वेळ सोडा. खरी मेख संध्याकाळी कळते.

घरात तेलुगू, कन्नड, उर्दू नाहीतर मराठी. आई हजार विड्यांमागे मजुरी मिळवणारी. सूप मांडीवर, तेंदूपान हातात, आणि पुढ्यात पोराची डायरी. त्यात बाईंनी इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. ते वाचून घ्यायला ती शेजारच्या दहावीतल्या पोरीला हाक मारते. गृहपाठ घ्यायचा कुणी? म्हणून सिनियर केजीपासून शिकवणी. म्हणजे शाळेने शिकवायचं ते शाळेने घरी पाठवलं, घराला जमेना म्हणून ते गल्लीतल्या ताईकडे गेलं आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे बापाने मोजले. गंमत अशी, की ती ताई बरेचदा महापालिकेच्याच शाळेत शिकलेली असते.

याहून वाईट एक रकाना आहे. दोघांची फी झेपत नाही, तेव्हा भाऊ व्हॅनमध्ये बसतो आणि बहीण पायी महापालिकेच्या शाळेत जाते. भावाच्या फीचा काही भाग बहिणीच्या वाट्याचा असतो. तो कुठल्या पावतीवर दाखवणार?

बाकीचे मुद्दे किरकोळ. करदात्यांच्या पैशांचा एवढा कळवळा असेल, तर आयकराच्या जुन्या पद्धतीत शाळेच्या शुल्कावर सूट मिळते, ती कुणाच्या पैशांतून? आणि शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या 25 टक्के जागांचा दाखला देणाऱ्यांनी सांगावं, की आठवी संपली की तेच मूल नववीची पूर्ण फी कशी भरतं?

आता इंग्रजी. हा वाद आम्ही 2000 सालीच घातला होता. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणायचं ठरलं तेव्हा एका गटाला मराठी बुडणार असं वाटत होतं, दुसऱ्याला पोरं साहेब होणार असं. दोन्ही झालं नाही. पण एक झालं: इंग्रजी विषय फुकटच्या शाळेतही आला, वर सेमी इंग्रजीचे वर्गही निघाले. तरीही हे गृहस्थ जणू कालच बोटीतून उतरल्यासारखे ‘तिथे इंग्रजी नाही’ म्हणतात!

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला 2020 चं जागतिक पारितोषिक मिळालं, ते मी पुढे करणार नाही. एका शिक्षकाच्या जिवावर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा चांगल्या ठरत नाहीत. काही ठिकाणी नळाला पाणी नसतं, एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, निवडणूक आली की तोही जातो.

तरी माझं म्हणणं असं, की चालत जाता येईल अशी, घरची भाषा कळणारी शाळा असेल तर तिथे मूल घालावं आणि वाचलेले पैसे दोन्ही मुलांवर सारखे खर्चावेत. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा बायकांच्या. बैठकीला जावं, नळाचं आणि रिकाम्या जागेचं लेखी विचारावं. खासगी शाळेतल्या फीबद्दल तक्रार करायची, तर शुल्क नियमन कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर आधी 25 टक्के पालक गोळा करावे लागतात. महापालिकेच्या शाळेत एका आईलाही तोंड उघडता येतं.

आणि ज्यांना खासगी शाळाच हवी, त्यांनी प्रवेशाच्या दिवशी एवढंच मागावं: व्हॅन, पुस्तकं, बूट, सहल, स्नेहसंमेलन धरून वर्षाचा एकूण आकडा, शाळेच्या शिक्क्यानिशी. शिकवणीचा आपला आपण मिळवावा.