सहा महिन्यांचा रहिवासी आणि एल्कचा टॅग

या ग्रुपवर बाडा, लष्कर, सराफा, गणपती यांच्या आठवणी येतात आणि मी त्या चवीने वाचतो. आज लिहितोय ते जरा लांबचं आहे, कोलोरॅडोतलं. पण विषय आपलाच आहे असं मला वाटतं. नाही वाटला तर सांगा, ऐकून घेईन. शाकाहारी मंडळींनी मधले दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळींच्या एका जेवणात वाद झाला. टेक्सासहून नुकतेच आलेले एक गृहस्थ तावातावाने सांगत होते, "टॅक्स आम्ही पहिल्या दिवसापासून भरतो, घर घेतलं, मुलं शाळेत घातली, आणि एल्कचा टॅग मागायला गेलं की म्हणतात तुम्ही बाहेरचे. हा सरळ अन्याय आहे." दोघातिघांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. पूर्ण विरोधही नाही केला, कारण त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. मात्र ते ज्या अर्ध्यासाठी भांडत होते ते नव्हे, दुसरं अर्धं. तेच इथे लिहितो.

आधी एल्क म्हणजे काय ते सांगतो. आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, काश्मीरच्या हांगुलचा तर जवळचा नातेवाईक. कोलोरॅडोत पावणेतीन-तीन लाख आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. इथे रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं, राज्यातल्या सगळ्या जनतेचं असतं. म्हणून शिकारीला राज्याचा परवाना लागतो, आणि त्या परवान्याला जोडलेला कागद म्हणजे टॅग. जनावर पडलं की सही-तारीख घालून तो त्याला बांधायचा. एक टॅग, एक जनावर.

आमच्या घरात शिकार जुनी. पणजोबा ग्वाल्हेर दरबाराच्या शिकारखान्यात कारकून होते. स्वतः बार टाकायचा नाही, हाकाऱ्यांचे हिशेब लिहायचे. तिथे जनावर जनतेचं वगैरे काही नव्हतं, महाराजांचं होतं. आजोबांच्या काळी राज्य गेलं आणि वनखातं आलं. मग शिवपुरीकडच्या जंगलाचे ब्लॉक ठरलेले, एका ब्लॉकचा ठरावीक दिवसांचा परवाना, त्यावर लिहिलेलं काय मारायचं आणि किती. 1972 चा कायदा आला आणि ते सगळं थांबलं. थांबलं ते बरंच झालं, असं आजोबा स्वतः म्हणायचे. त्यांचा एक परवाना मात्र आईने लोखंडी पेटीत जपून ठेवलाय. कागद पिवळा पडलाय, शाई अजून वाचता येते.

इथला अर्ज पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तोच कागद आठवला. आठ खुणांचा एक कोड असतो. पहिलं अक्षर जनावराचं, दुसरं नर की मादी त्याचं, मग तीन आकडे ब्लॉकचे (इथे त्याला युनिट म्हणतात), मग मोसम, शेवटी हत्यार. म्हटलं, अरे, हे तर आमच्या घरातलंच बाड आहे!

मी इथे आलो 20 नोव्हेंबर 2020 ला. एल्कच्या मुख्य सोडतीचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. 2021 साली तो 6 एप्रिलला आला. कोलोरॅडोचा रहिवासी ठरायला सलग सहा महिने राहावं लागतं, आणि ते अर्जाच्या दिवशी पूर्ण झालेले असावे लागतात. माझे होत होते 20 मेला. म्हणजे सव्वासहा आठवडे कमी. रहिवाशाला एल्कचा टॅग साधारण साठ-पासष्ट डॉलरला पडतो, बाहेरच्याला आता आठशेच्या घरात. शिवाय सोडतीच्या टॅगांतला मोठा वाटा रहिवाशांसाठी राखून ठेवलेला असतो.

ऑफिसमधला एक जण म्हणाला, "तारीख सप्टेंबरची टाक. कोण बघतं?" खोटं कशाला बोलू, मी रात्री अर्ज उघडून बसलो होतो. तारखेच्या चौकटीत सप्टेंबर लिहिलासुद्धा. बायको मागे उभी होती. म्हणाली, "पुण्याचं विसरलात वाटतं."

पुण्याचं असं की, बारावीनंतर मी तिथल्या एका कॉलेजात प्रवेशाला गेलो होतो. आडनाव मराठी, घरात मराठी, आजीच्या ओव्या पाठ. खिडकीतल्या माणसाने मार्कशीट पाहिली आणि म्हणाला, "मध्यप्रदेश? मग तुम्ही बाहेरचे. पंधरा वर्षांचं डोमिसाईल आणा." तिथेच वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले, म्हणाले, डोमिसाईल "करून देतो". वडिलांनी हात जोडले आणि आम्ही रात्रीच्या गाडीने परत आलो. ग्वाल्हेरात शाळेत "दक्षिणी" म्हणून चिडवायचे, पुण्यात परप्रांतीय. हे तुम्हा सगळ्यांना सांगायला नको. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडे याच्या आपापल्या आवृत्त्या आहेत.

मी सप्टेंबर खोडला. त्या वर्षी मुख्य सोडतीत अर्जच केला नाही. (खोटं रहिवासी म्हणून अर्ज करणं इथे गुन्हा आहे. दंड होतो, परवाने बंद होऊ शकतात, आणि एका राज्याने बंद केले की करारामुळे जवळपास सगळ्या राज्यांत बंद होतात. हे मला नंतर कळलं. त्या रात्री अडवलं ते पुण्याने.)

म्हणून माझं पहिलं मत असं की सहा महिन्यांवर रडू नये. पिढ्यान्‌पिढ्या राहून ज्यांना "मूळचे कुठले?" हे ऐकावं लागतं, त्यांनी तर मुळीच नाही. इथे नियम छापलेला आहे. सहा महिने राहा, कागद दाखवा, की तुमच्यात आणि चार पिढ्यांच्या रँचवाल्यात कायद्याने फरक नाही. न्यू मेक्सिकोत नव्वद दिवस, मोंटानात एकशेऐंशी, आयडाहोत सहा महिने, वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष. आडनाव, बोली, रंग, कुठेच विचारत नाहीत. मला 21 मेला "रहिवासी" हा शब्द ज्या सहजतेने मिळाला, तितका तो आयुष्यात कुठेच मिळाला नव्हता.

आणि मुख्य सोडत हुकली म्हणजे वर्ष बुडालं, असंही नाही. जूनमध्ये दुसरी सोडत असते. ऑगस्टच्या सुरुवातीला उरलेले टॅग विकायला निघतात, आणि बऱ्याच युनिटांत दुसऱ्या-तिसऱ्या रायफल मोसमाचे नराचे टॅग रांगेविना मिळतात. तोवर शिकार-सुरक्षेचा कोर्स उरकून घ्यायचा. 1949 पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. मी तसाच एक टॅग घेतला आणि ऑक्टोबरअखेर मीकर गावाच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात पाच दिवस चाललो. दहा हजार फुटांवर श्वास पुरत नव्हता. एल्क दिसला नाही. शेपूटही नाही. नारिंगी कोट घातलेली माणसं मात्र वारीसारखी.

त्या मीकरबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. गावाला नाव आहे नेथन मीकर या सरकारी एजंटाचं. युट लोकांना शेतकरी बनवायला तो आला होता. त्यांची घोड्यांच्या शर्यतीची जागा त्याने नांगरायला घेतली. 1879 साली त्यांनी त्याला मारलं, आणि 1881 मध्ये तिथल्या युट लोकांना युटाहमध्ये हाकलून दिलं गेलं. त्याच गावातल्या हॉटेलात एक पोक्त शिकारी मला ऐकवत होता की बाहेरच्या लोकांनी हे राज्य भरून टाकलंय. मी कॉफी पीत राहिलो. दक्षिणेकडच्या युट लोकांचा 1873 च्या करारातला शिकारीचा हक्क तेवढा अजून शाबूत आहे. ते आपल्या जमातीच्या परवान्यावर त्या भागात शिकार करतात. आणि गंमत म्हणजे एल्कसुद्धा इथे उपरेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले जवळजवळ संपवले होते. 1913-14 मध्ये यलोस्टोनमधून आणून रॉकी माउंटनच्या परिसरात सोडले. आज इस्टेस पार्कच्या रस्त्यावर फोटो काढून घेणारे ऐटदार नर त्या पाहुण्यांचे पणतू आहेत.

आता दुसरं अर्धं, जे मला खरंच खुपतं. ते म्हणजे पॉइंट. इथे सोडतीत पहिली पसंती लागली नाही की एक पॉइंट मिळतो, आणि पुढच्या वर्षी ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. ऐकायला रेशनच्या रांगेसारखं चोख. पण नावाजलेल्या युनिटांत, वायव्य कोपऱ्यातल्या 2, 10, 201 मध्ये, नराच्या टॅगला आज वीसहून जास्त पॉइंट लागतात. टॅग थोडे, रांगेतले लोक जास्त, त्यामुळे दरवर्षी हद्द एकेक पाऊल पुढे सरकते. चाळिशीत आलेला माणूस वीस वर्षांनी तिथे पोचतो तेव्हा ती पंचविसावर गेलेली असते. ही रांग नव्हे, वतन आहे. सहा महिन्यांत दार उघडलं खरं, पण आतली बैठकीची खोली आधी आलेल्यांनी कुलूप लावून ठेवलीय.

दुसरीकडे पाहा. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत पॉइंटच नाहीत, नुसती चिठ्ठी. वायोमिंगच्या रहिवाशांना एल्कसाठी पॉइंट नाहीत. तिथे काल आलेला आणि जन्मापासूनचा, दोघांची चिठ्ठी एकाच डब्यात. मला वाटतं कोलोरॅडोने निदान अर्धे टॅग असे चिठ्ठीने द्यावेत.

हे मी शेजारच्या आजोबांना बोललो. रेल्वेतून रिटायर झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गाठीला बावीस पॉइंट. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी बावीस वर्षं थांबलो. आता माझे गुडघे गेलेत, आणि तू म्हणतोस अर्धी रांग मोडा." यावर मला नीट उत्तर नाही सुचलं, आजही नाही. जुने पॉइंट अर्ध्या टॅगांत तसेच चालू ठेवा, एवढंच म्हणू शकतो. पण त्यांचं जे जातं ते जातंच. तरी मी मत बदललेलं नाही. रांगेत उभं राहण्याचा मोबदला मिळावा, पण रांग म्हाताऱ्यांनाच पुरेल इतकी लांब असेल तर त्यांची नातवंडं तिच्यात उभी राहणारच नाहीत.

याच आजोबांनी मला युक्ती सांगितली होती, तीही लिहून ठेवतो. पॉइंट फक्त पहिल्या पसंतीत खर्च होतात. म्हणून पहिल्या पसंतीत नुसता पॉइंट मागायचा, त्यालाही वेगळा कोड आहे, आणि दुसऱ्या पसंतीत मादीचा सोपा टॅग. पॉइंटही साठतो आणि शिकारही होते. 2022 मध्ये मला असा मादीचा टॅग लागला. शिंगांचा हव्यास सोडला की या राज्यात नवख्याला उपाशी राहावं लागत नाही. पण हे आपल्या लोकांना पटत नाही, त्यांना भिंतीवर शिंगं हवीत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पडली. एका गोळीत, देवाची कृपा. मी टॅगवर सही केली तेव्हा हात थरथरत होते. थंडीने असतील. खाण्याजोगं मांस रानात टाकणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे मी आणि त्या आजोबांचा मुलगा, दोघांनी बर्फातून चार खेपा केल्या. साठेक किलो निघालं. घरी बायकोने लष्करातल्या घरचा काळा मसाला काढला, कांदा-खोबरं भाजलं, रस्सा केला. चरबी अगदी कमी, त्यामुळे तेल जरा जास्त लागतं. मंद आचेवर दोन तास. कुकरला घाई केली तर चिवट होतं, एकदा करून पाहिलंय. शेजारच्या आजोबांना डबा दिला. घाम पुसत पुसत खाल्ला आणि डबा धुऊन परत आणला.

आता भाचा आलाय जानेवारीत, वर्क व्हिसावर. एप्रिलही गेला आणि जूनही जाईल, कारण त्याचे सहा महिने जुलैत भरतात. व्हिसावाल्याला बंदुकीचा कायदा वेगळा आहे. वैध शिकार-परवाना असेल तर सवलत मिळते, पण त्याला म्हटलंय, आधी वकिलाला विचार, मामाला नको. कोर्स सुरू केलाय त्याने. परवा विचारत होता, "मामा, अर्जात डिसेंबर टाकला तर?" मी त्याला आजोबांच्या परवान्याचा फोटो पाठवला आणि ऑगस्टची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली.