टिंबाएवढी चूक, चार दिवस बंद मेल: आपली झोन फाइल आपण तपासायची



दुकान सुरू करताना आपण गाळ्याचा करार तीनदा वाचतो. शॉप अ‍ॅक्टची प्रत काढून ठेवतो, जीएसटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतो. पण ज्या डोमेनवर आपली वेबसाइट आणि ऑर्डरचा ईमेल चालतो, त्याचा कागद कुठे आहे असं विचारलं की बॅचमधले बहुतेक जण एकच उत्तर देतात: "ते आमचा वेबसाइटवाला बघतो."

माझं मत सरळ आहे. डोमेनची झोन फाइल हा तुमच्या धंद्याचा सातबारा आहे. त्याची प्रत तुमच्याकडेच पाहिजे, आणि त्यात कोणी बदल करणार असेल तर तो लागू होण्याआधी तुम्ही तपासला पाहिजे. तपासायला एक फुकट कमांड आहे आणि तिला एक मिनिटही लागत नाही. हे आयटीवाल्यांचं काम आहे, आपलं नाही, हे मला आता पटत नाही. आधी पटायचं. का पटेनासं झालं, ते सांगतो.

माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी कंपन्यांकडून गिफ्ट बॉक्सच्या चौकश्या येतात, आणि त्या जास्त करून ईमेलवर येतात. एका वर्षी नेमक्या त्याच सीझनला मी मेलची सेवा बदलायला घेतली. काम एका ओळखीच्या मुलाला दिलं. त्याने जुन्या रेकॉर्डची फाइल घेतली, त्यात नव्या मेल सेवेची ओळ घातली आणि फाइल नव्या ठिकाणी इम्पोर्ट केली. वेबसाइट उघडून बघितली तर छान चालत होती. मी पैसे दिले, विषय संपला.

चार दिवस एकही मेल आला नाही. मला वाटलं, मंदी आहे. पाचव्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काय हो, दुकान बंद केलं का? मेल परत येतोय." तोवर त्यांनी ऑर्डर दुसरीकडे दिलेली होती. आणखी किती जणांचे मेल असेच परत गेले, ते मला कधीच कळणार नाही. चूक काय होती? एका ओळीच्या शेवटी एक टिंब राहिलं होतं. तो मुलगा प्रामाणिक होता, चूक कोणाकडूनही होते. पण बदल लागू करण्याआधी तपासायची पद्धतच आमच्याकडे नव्हती, आणि दुकान माझं म्हटल्यावर ती जबाबदारीही माझीच होती.

आता हे टिंब काय प्रकरण आहे ते समजून घ्या.

डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. ही पद्धत १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली आणि १९८७ मध्ये तिचे आजही पाळले जाणारे नियम आले. झोन फाइल कशी लिहायची हेही त्याच नियमांत आहे. तुमच्या डोमेनची झोन फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात ओळी असतात. 'ए' रेकॉर्ड सांगतो की वेबसाइट कोणत्या आयपी पत्त्यावर आहे. 'एमएक्स' सांगतो की मेल कोणाकडे टाकायचा. 'सीनेम' म्हणजे या नावाचं खरं नाव ते. 'टीएक्सटी'मध्ये मेलच्या खरेपणाच्या नोंदी असतात. 'एनएस' म्हणजे या डोमेनची वही कोणत्या सर्व्हरवर ठेवलीय ते. आणि वर एक 'एसओए', ज्यात फाइलचा सिरियल नंबर असतो.

नियम असा की ओळीत लिहिलेल्या नावाच्या शेवटी टिंब असेल तर ते पूर्ण नाव. टिंब नसेल तर सर्व्हर त्यापुढे तुमचं डोमेन आपणहून जोडतो. समजा तुमचं डोमेन एक्झाम्पल.कॉम आहे आणि मेल सेवेचं नाव मेल.एक्झाम्पल.नेट आहे. शेवटचं टिंब विसरलात की ते मेल.एक्झाम्पल.नेट.एक्झाम्पल.कॉम होतं. असं नाव जगात कुठेच नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर ते शोधतो, सापडत नाही, मेल परत. वेबसाइटची ओळ वेगळी असते, म्हणून वेबसाइट धडधाकट दिसते आणि कोणालाच संशय येत नाही.

तुम्हाला वाटेल, असं नवशिक्यांकडूनच होतं. १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडन देशाच्या '.एसई' या अख्ख्या झोनमध्ये हेच झालं. झोन तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गडबड झाली आणि नावांच्या शेवटची टिंबं गेली. तेव्हा '.एसई'खाली सुमारे ९ लाख डोमेन होती. दुरुस्ती लवकर झाली, पण चुकीची उत्तरं ठिकठिकाणच्या सर्व्हरनी आपल्याकडे साठवून ठेवली होती, त्यामुळे त्रास नंतरही चालू राहिला. एवढ्या जाणकार लोकांकडून टिंब सुटतं, तर आपल्याकडून सुटणारच. म्हणून माणसाच्या नजरेवर विसंबू नका, तपासायचं काम कमांडला द्या.

त्या कमांडचं नाव नेम्ड-चेकझोन. मध्ये स्पेस नाही, आडवी रेघ आहे. बाइंड नावाचं डीएनएस सर्व्हरचं जुनं आणि फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासोबत ही येते. सर्व्हर चालवायची गरज नाही, फक्त ही छोटी हत्यारं घेतली तरी चालतं. उबुंटूवर बाइंड९-युटिल्स हे पॅकेज टाका. विंडोज असेल तर विंडोजच्या आत लिनक्स चालवायची डब्ल्यूएसएल सोय वापरा. टाइप कसं करायचं ते व्हिडिओत स्क्रीनवर अक्षर अन् अक्षर दाखवलंय: आधी कमांडचं नाव, मग तुमचं डोमेन, मग फाइलचं नाव. बस्स.

फाइल ठीक असेल तर सिरियल नंबर दिसतो आणि खाली 'ओके' येतं. चूक असेल तर काय खटकलं ते सांगते, आणि लिहिण्यातली चूक असेल तर कितव्या ओळीत तेही. आयपी पत्त्यात २५५ च्या वरचा आकडा पडला, पकडते. एमएक्समधलं नाव तुमच्याच डोमेनखालचं निघालं पण त्याला पत्ताच नाही, सांगते. माझी चूक नेमकी हीच होती. एकाच नावाला सीनेम पण दिलाय आणि दुसरा रेकॉर्ड पण, तर अडवते. ही शेवटची चूक आपल्या लोकांत खूप होते. वेबसाइट बनवून देणारा सांगतो 'सीनेम टाका', आणि आपण तो मूळ डोमेनलाच टाकतो, जिथे एसओए आणि एनएस आधीच असतात. नियमाप्रमाणे ते चालत नाही.

एक सूचना. काही पॅनेलमधून एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये एसओए आणि एनएसच्या ओळी नसतात. मग कमांड म्हणते, एसओए शून्य आहेत. घाबरू नका. तपासणीच्या प्रतीत त्या ओळी घाला आणि परत चालवा.

दुसरी कमांड नेम्ड-कंपाइलझोन. माझ्या मते छोट्या दुकानदाराला हिचा उपयोग पहिलीपेक्षाही जास्त आहे. ही तपासते आणि फाइल एका ठरलेल्या साच्यात लिहूनही देते. प्रत्येक ओळीत पूर्ण नाव, पूर्ण आकडे, ओळी ठरलेल्या क्रमाने. तुम्ही लिहिलं होतं अर्धवट नाव. सर्व्हर ते कसं वाचणार आहे, ते इथे उघड दिसतं. राहिलेलं टिंब तर लगेच डोळ्यात भरतं, कारण डोमेनचं नाव दोनदा चिकटलेलं असतं. बाइंडची 'रॉ' नावाची फाइल, जी आपल्याला वाचता येत नाही, तीही हिने वाचता येईल अशा मजकुरात बदलता येते. तुमचा आयटीवाला स्वतःचा सर्व्हर चालवत असेल आणि त्याने तशी फाइल दिली, तर 'मला कळत नाही' म्हणून गप्प बसायची गरज नाही.

खरा फायदा पुढे आहे. बदलाआधीची फाइल या साच्यात काढा, बदलानंतरचीही काढा, आणि 'डिफ' कमांडने दोन्ही शेजारी लावा. फक्त बदललेल्या ओळी दिसतील. तुम्ही सांगितलं होतं एक ओळ बदल, आणि दिसतायत सात? मग विचारा, "बाकीच्या सहा कशाला?" हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी बीबीए आहे, मलाही येतो. फक्त मूळ फाइल जपून ठेवा, कारण साच्यात घातल्यावर तुम्ही लिहिलेल्या टिपा उडून जातात.

आता खोटी आशा देत नाही. 'ओके' म्हणजे सगळं बरोबर, असं नाही. कमांड फाइल तपासते, तुमच्या मनातलं तिला कळत नाही. आयपी पत्त्यात ४५ च्या जागी ५४ लिहिलं, तर तोही पत्ता वैध आहे, ती ओके म्हणेल. एसपीएफच्या दोन वेगळ्या ओळी टाकल्या, तर मेल घेणारा सर्व्हर ती चूक धरतो, कारण एका डोमेनला एसपीएफ एकच असावा लागतो. हे बघायला तुम्हीच पाहिजे. आणि हल्ली हे जास्त महत्त्वाचं झालंय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम असावं अशी अट घातली आहे. तुमचं कोटेशन स्पॅममध्ये जातंय का, याचं उत्तर बरेचदा याच फाइलमध्ये असतं.

लोक तीन गोष्टी म्हणतात. पहिली, "हे वेबसाइटवाल्याचं काम." मान्य. हिशोबही सीएच करतो, म्हणून आपण बिलबुक बघणं सोडतो का? दुसरी, "पॅनेल चुका पकडतंच." एकेक ओळ भरताना काही पकडतं. पण इम्पोर्टमध्ये एखादी ओळ गळाली, तर पॅनेलला कसं कळणार की ती हवी होती? तिसरी, "ऑनलाइन तपासणी असते की." असते, चांगलीही असते. पण ती तपासते लागू झालेला बदल. रेकॉर्डचा टीटीएल ८६४०० सेकंद असेल, तर चुकीचं उत्तर लोकांच्या सर्व्हरवर २४ तास राहू शकतं. गिऱ्हाईक मेल परत आला की २४ तास थांबत नाही, पुढच्या दुकानात जातं.

म्हणून या रविवारी तासभर काढा. डोमेनचा लॉगिन तुमच्या स्वतःच्या नावावर आणि मोबाइलवर आहे का, आधी ते बघा. नसेल तर पहिलं काम ते. मग झोन फाइल एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्टचं बटण नसेल तर रेकॉर्ड हाताने उतरवून घ्या, दहा-पंधरा ओळींच्या वर सहसा नसतात. फाइलच्या नावात तारीख घाला, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. नेम्ड-चेकझोन चालवा. पुढे कधी बदल करायचा असेल तर एक दिवस आधी टीटीएल ३०० वर आणा, म्हणजे चूक झालीच तरी पाच मिनिटांच्या हिशोबात निस्तरता येईल. बदल शक्यतो सोमवारी सकाळी करा, सणाच्या तोंडावर नको. आणि बदल झाल्यावर वेबसाइट उघडून समाधान मानू नका. दुसऱ्याच्या जीमेलवरून स्वतःला एक मेल पाठवा, तो पोचला का बघा, मगच पैसे द्या.

आता माझ्याकडे काम करायला येणाऱ्याला मी आधीच सांगतो: फाइल मला पाठव, मी तपासतो, मग चढव. पहिल्यांदा त्या मुलाला थोडं लागलं. आता तोच मला पाठवण्याआधी स्वतः तपासतो, आणि त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांचीही फाइल तपासून देतो.

फाइल काढताना कुठे अडलात तर लिहा, पुढच्या व्हिडिओत तेच घेऊ. तोवर प्रत काढून ठेवा.