दसरा, दिवाळी आणि वस्त्रविवेक

आज विजयादशमी. दारोदारी झेंडूची तोरणे लागली आहेत. शस्त्रांची, अवजारांची, ग्रंथांची पूजा होईल आणि सायंकाळी आपट्याची पाने हाती देऊन लहानथोर एकमेकांस भेटतील. श्रीरामाच्या विजयाचा हा दिवस साऱ्या भारतवर्षाचा आहे. परंतु नाशिककरांचे त्याच्याशी नाते अधिक जवळचे आहे. ज्या सीताहरणातून पुढचे सारे रामायण घडले, ते आपल्या पंचवटीत घडले, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

त्या प्रसंगातील एका लहानशा घटनेकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. रावण आकाशमार्गे घेऊन जात असता जानकीने एका पर्वतावर बसलेल्या वानरांमध्ये आपले उत्तरीय व काही अलंकार टाकले. पुढे सुग्रीवाने ते श्रीरामांपुढे ठेवले आणि पाहताक्षणीच त्यांना ओळख पटली. वनवासात असलेल्या स्त्रीजवळ वस्त्रे ती कितीशी असणार? म्हणूनच तिचे एक वस्त्र तिच्या हाकेसारखे ओळखू आले.

आता आपण आपल्या घरातील कपाट उघडून पाहावे. त्यातील किती वस्त्रे अशी आहेत, की जी पाहताच घरातील माणसाची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहील? कपाट इतके भरले आहे, की दार लावताना ते खांद्याने रेटावे लागते; आणि तरीही लग्नकार्याला निघण्याच्या वेळी घरातून एकच उद्गार ऐकू येतो, "नेसायला काही नाही!" हा उद्गार केवळ स्त्रियांचा आहे असे कोणी समजू नये. सदऱ्यांच्या चवडी रचून ठेवून नेहमीचे तीनच सदरे वापरणारे पुरुष घरोघरी आहेत. वस्त्रे वाढली आणि त्यांच्याशी असलेली ओळख मात्र गेली, असे आजच्या मध्यमवर्गीय संसाराचे चित्र आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह आणि आत्मा यांचा संबंध सांगताना भगवंतांनी वस्त्राचाच दृष्टान्त दिला आहे. मनुष्य जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करतो, तसा आत्मा देह पालटतो, असा त्याचा आशय. हा श्लोक आपण स्मशानात ऐकतो, पारायणात म्हणतो. परंतु त्यातील 'जीर्ण' या शब्दापाशी फारसे कोणी थांबत नाही. टाकावयाचे ते वस्त्र जीर्ण झालेले असते, हे तेथे गृहीतच धरले आहे. आपण आज जे टाकतो ते जीर्ण झालेले नसते. ते केवळ मनातून उतरलेले असते. वस्त्र विरण्याआधी आपली आवड विरते, हा खरा रोग आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरात वस्त्राला आयुष्य होते. वर्षाला लुगड्यांची जोडी आणि धोतरजोडी येई. दिवाळीला कापडाचा एक तागा आणून घरातील साऱ्या मुलांचे सदरे व परकर एकाच छापाचे शिवले जात. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, बाळंतपणात दुपटी होत, उरलेल्याची फडकी आणि शेवटी पायपुसणे. काही जुने कपडे बोहारणीच्या टोपलीत जात आणि त्या बदल्यात एखादे पातेले किंवा डबा घरात येई. त्या घासाघिशीत अर्धी दुपार जाई. आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून जे निजले आहेत, त्यांना वस्त्राची ओळख म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

धर्मकृत्यांतही हाच विवेक होता. सोवळ्याचा मुकटा एकच असे. तो स्वतंत्र वलणीवर वाळे आणि वर्षानुवर्षे पूजेलाच नेसला जाई. त्याचे पावित्र्य नवेपणात नव्हते. नेमलेल्या कामासाठीच तो जपून वापरला जात असे, यात होते. आणि ज्या देवासाठी हे सारे, तो देव्हाऱ्यातील देव तर कापसाच्या वस्त्रमाळेवर संतुष्ट असतो. घरातील वृद्ध स्त्रीने सांजवेळी बसून, बोटांनी वळून, कुंकू लावून केलेले ते वस्त्र त्याला महावस्त्राहून उणे वाटत नाही.

गेला काळ सर्वस्वी चांगला होता, असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. त्या काटकसरीमागे अनेक घरांत दारिद्र्य होते. ठिगळ लावलेली चोळी कोणी हौसेने घालीत नसे, आणि दांडावर धोतर वाळेपर्यंत पंचा गुंडाळून बसणारे गृहस्थ काही अपरिग्रहाचे व्रत घेतलेले नव्हते. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावच्या यंत्रमागांनी स्वस्त साड्या विणून कष्टकरी भगिनींची अब्रू झाकली, हे त्या उद्योगाचे उपकारच मानले पाहिजेत. वर्षातून एकदा, दिवाळीला, लेकरांना नवा कपडा घेणाऱ्या कुटुंबाला उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. आमचे सांगणे आहे ते, ज्यांच्या घरी कपाट पुरत नाही त्यांना.

हे कपाट भरले कसे? पहिले कारण सांगताना आम्हांस स्वतःकडेही बोट दाखविले पाहिजे. नवरात्रातील नऊ दिवसांचे नऊ रंग ही प्रथा जुन्या कुळाचारातील नव्हे. ती या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांच्या पानांवरूनच घरोघरी पोहोचली. एका रंगात नटलेल्या मैत्रिणींचा मेळा पाहून आनंद वाटतो, यात शंका नाही. परंतु "या रंगाची माझ्याकडे नाही" म्हणून दरवर्षी दोन-तीन साड्या नव्याने घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा उपासनेचे नऊ दिवस खरेदीचे नऊ दिवस झाले. सप्तशृंगीच्या गडावरील जगदंबेला अकरा वारांचे महावस्त्र नेसवितात. ते भाविकांनी भक्तीने अर्पण केलेले असते. तिच्या भक्ताने आज कोणता रंग नेसला, याची ती माऊली विचारपूस करीत नाही.

दुसरे कारण म्हणजे मानपान. लग्नात विहिणीला, आत्याला, मावशीला, चुलत सासूला ज्या साड्या दिल्या जातात, त्यांतील किती नेसल्या जातात? देणारी आपल्या पसंतीची घेत नाही, घेणारीला ती पसंत नसते. मग ती घडीही न मोडता पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत पडते. एकच साडी चार घरे फिरून कधी कधी पहिल्या दात्रीकडे परत येते, आणि मग हसावे की रडावे, ते कळेनासे होते. हा आहेर प्रेमाचाही नव्हे आणि उपयोगाचाही नव्हे. त्यासाठी वधूपित्याने काढलेले कर्ज मात्र खरे असते.

तिसरे कारण सवलतीचे आणि सोयीचे. पूर्वी मेन रोडला किंवा दहीपुलाकडे जावयाचे तर घरात आधी चर्चा होई, पैसे मोजले जात, दुकानात दहा ठाणे उलगडली जात आणि मग एक वस्त्र घरी येई. आता मध्यरात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर बोट फिरविले, की तिसऱ्या दिवशी पुडके दारात हजर होते. पैसे नंतर, हप्त्याने देता येतात. विचाराला जी सवड मिळत असे, तीच या सोयीने हिरावून घेतली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून दसऱ्याचे माहात्म्य. ते शुभ कार्याच्या आरंभासाठी आहे. जाहिरातींनी त्याचा अर्थ 'खरेदीचा दिवस' एवढाच उरविला.

याची झळ केवळ आपल्या खिशाला लागते, असे नाही. एक सुती सदरा तयार होण्यासाठी, कापूस पिकविण्यापासून, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा एक प्रचलित अंदाज आहे. येवला, नांदगाव, चांदवड या तालुक्यांतील अनेक गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. तेथील माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. टाकलेले कपडे जातात कोठे? काही हरियाणातील पानिपतला जातात आणि पिंजून, पुन्हा सूत काढून त्यांच्या घोंगड्या होतात. परंतु दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात जगभरातून आलेल्या, कोणालाच नको असलेल्या कपड्यांचे ढीग पडले आहेत. इतक्या दूर तरी कशाला जावे? रामकुंडावर स्नान करून अंगावरचे वस्त्र गोदामाईच्या पात्रातच सोडून देणारे यात्रेकरू पंचवटीच्या रहिवाशांना नवे नाहीत. पूर्वीचे सुती धोतर पाण्यात कुजून तरी जात असे; आजचे कृत्रिम धाग्याचे कापड वर्षानुवर्षे कुजत नाही. ज्या नदीत पाप धुवावयाचे, तिच्यातच पुढील पिढीसाठी घाण ठेवून जाणे, हा कोणता धर्म? सिंहस्थाच्या निमित्ताने लक्षावधी पावले या घाटावर उतरतात, तेव्हा यजमान म्हणून हा प्रश्न प्रथम नाशिककरांनी स्वतःस विचारावा.

या उधळपट्टीवरचा उतारा आपल्याच जिल्ह्यात आहे. येवल्याच्या एखाद्या विणकराच्या घरी जाऊन हातमागासमोर घटकाभर उभे राहावे. रेशमाचा एकेक धागा हाताने गुंफून मोर, पोपट, कोयरी उठत असते. साध्या पैठणीला काही आठवडे, तर भरगच्च पदराच्या पैठणीला अनेक महिने लागतात. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा-सुलटा एकसारखा दिसतो. यंत्रावरच्या नकलेच्या मागील बाजूस सुटे धागे लोंबतात. २०१० साली या पैठणीला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण मिळाले. परंतु खरे संरक्षण तिला मिळते ते, लेकीने आईची पैठणी नेसून बोहल्यावर उभे राहण्यात. पाच नकला पाच वर्षांत बदलण्यापेक्षा एक अस्सल वस्त्र तीन पिढ्यांना पुरविणे, यात काटकसर आहे, वैभव आहे आणि विणकराच्या चुलीची चिंताही आहे. जिला पैठणी परवडत नाही, तिने साधे पण टिकाऊ सुती वस्त्र घ्यावे. तत्त्व एकच आहे.

वस्त्र घेणे हे व्रत होऊ शकते, हे महाराष्ट्राने एकदा दाखवून दिले आहे. १९०५ साली, दसऱ्याच्याच सुमारास, पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. त्या होळीचे पुढारीपण करणारा विद्यार्थी आपल्या भगूरचा होता, विनायक दामोदर सावरकर. त्यानंतर कित्येक घरांत वस्त्र घेण्यापूर्वी 'हे कोणी विणले, याचा पैसा कोणाकडे जातो' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. आज कपडे जाळण्याचे कारण नाही. पण तो प्रश्न पुन्हा विचारण्याचे कारण निश्चित आहे.

दिवाळीला आता वीसच दिवस उरले आहेत. या दिवसांत प्रत्येक कुटुंबाने एक दुपार काढून कपाटातील सारे कपडे बाहेर काढावेत आणि त्यांचे तीन ढीग करावेत. वर्षभरात वापरलेले, डागडुजीने वापरात येतील असे, आणि ज्यांना वर्षभर हातही लागला नाही असे. दुसऱ्या ढिगातील कपडे शिंप्याकडे न्यावेत. तुटलेले बटण, उसवलेली शिवण, आखूड झालेली बाही, यांपायी चांगले वस्त्र अडगळीत पडते, हे पाहून आपलेच आपल्याला नवल वाटेल. मगच दिवाळीची यादी करावी. ती कागदावर असावी, आणि दुकानात गेल्यावर यादीबाहेरचे काही मनात भरले तर एक रात्र जाऊ द्यावी. सकाळीही ते हवेसे वाटले तर जरूर घ्यावे. बहुधा वाटणार नाही. प्रत्येक नव्या वस्त्राबरोबर एक जुने मार्गी लावावे. आणि येत्या लग्नसराईत मानपानाच्या साड्यांना दोन्ही व्याह्यांनी एकमताने रजा द्यावी. हे पाऊल वरपक्षाने प्रथम उचलावे, म्हणजे वधूपक्षाला संकोच वाटणार नाही.

तिसऱ्या ढिगाचे काय? त्याचे दान करावे. पण दान म्हणजे अडगळ काढणे नव्हे. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीला दिलेले दानच सात्त्विक, असे गीतेने सतराव्या अध्यायात सांगितले आहे. द्यावयाचे वस्त्र धुऊन, शिवून, घडी घालून द्यावे. जे आपल्या भावाला देताना लाज वाटेल ते परक्यालाही देऊ नये. यात्रेकरूंसाठी नाशकात धर्मशाळा उभी करणारे संत गाडगेबाबा स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडले, आणि उघड्याला वस्त्र देण्यात देव पाहा, असे आयुष्यभर सांगत राहिले. १९५६ साली त्यांनी देह ठेवला. अंगावरच्या ठिगळांनी त्यांची ओळख कधी उणी झाली नाही, उलट तीच त्यांची ओळख ठरली.

आज सायंकाळी सीमोल्लंघनाला आपण निघू, तेव्हा अंगावर नवे वस्त्र असेल तर आनंदच आहे, आणि जुने, धुतलेले, नीट घडीचे असेल तर कमीपणा मुळीच नाही. हव्यासाची सीमा ओलांडणे हेही सीमोल्लंघनच होय. आपल्या घरातील प्रत्येक वस्त्र वापरून, जपून, जीर्ण होईतो साथ देवो, आणि तुमच्या मागे ते पाहून कोणाला तरी तुमची आठवण येवो, अशी विजयादशमीच्या या शुभदिनी आम्ही काळारामाच्या चरणी प्रार्थना करतो.