क्रमांक नसलेल्या वाद्यांचा इतिहास

१/ सप्टेंबर १९६२ मध्ये जॉन लेननने लिव्हरपूलमध्ये घेतलेली गिब्सन गिटार पुढच्याच वर्षी हरवली. पुढे ती कॅलिफोर्नियातील एका गृहस्थाकडे अनेक वर्षे होती. ती कोणाची, हे त्यालाही ठाऊक नव्हते. २०१५ साली लिलावात तिला २४ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

२/ ती ओळखली गेली कशी? कारखान्याचा अनुक्रमांक आणि जुन्या छायाचित्रांत दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा यांवरून. कीर्तीने किंमत वाढवली. ओळख मात्र नोंदीने पटवली.

३/ चित्रफितींचेही तेच. १६ जून १९६६ रोजी बीटल्स बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये आले. फिती महाग असत, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. हा कार्यक्रमही तसाच गेला. २०१९ साली त्यातले ११ सेकंद सापडले, तेही मूक. कोणीतरी घरच्या ८ मिमी कॅमेऱ्याने टीव्हीचा पडदाच टिपून ठेवला होता. संस्थेने गमावलेले एका घराने राखले.

४/ या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे काही संगीत एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि आशिष खाँ यांचे सरोद त्यात आहे. ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीतही त्याच मुक्कामातले. मार्चमध्ये ती तबकडी निघाली. तिच्यावर नाव होते केवळ बीटल्सचे.

५/ बीटल्सच्या गिटारींवर आज स्वतंत्र ग्रंथ आहेत. आपल्या सनई-पखवाजांना मात्र कारखान्याचा क्रमांक नसतो. मिरजेत शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते योग्यच, पण मानांकन गावाच्या नावाला संरक्षण देते, एकेका तंबोऱ्याचे चरित्र सांगत नाही. ते चरित्र घडवणाऱ्याच्या आणि वाजवणाऱ्याच्या स्मरणात असते, आणि माणसाबरोबर जाते.

६/ स्मरण किती नाजूक असते, हे लातूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीची घरे कोसळली. हजारो माणसे गेली. त्यांच्यासोबत घरातल्या वस्तूंची ओळख सांगणारेही गेले.

७/ गावच्या भजनी मंडळाची पेटी आणि लेननची गिटार यांची तुलना कशी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ती गिटार विकली गेली तेव्हा गिऱ्हाईक २१ वर्षांचे होते आणि ‘लव्ह मी डू’ अजून निघायचे होते. क्रमांक आधी पडला, कीर्ती मागून आली. काय मोलाचे ठरेल, हे नोंद करताना कोणालाच कळत नसते. म्हणून प्रसिद्धीची वाट पाहून नोंद करणे हा उलटा न्याय आहे.

८/ चाकूरसारख्या गावात यासाठी संग्रहालय उभे राहण्याची गरज नाही. देवळातला पखवाज कोणी आणला, कोणत्या साली, शाई कोणी भरली, आजवर कोणाकोणाच्या हातून वाजला. कपाटातल्या कॅसेटवर कोणाचे कीर्तन आहे, कोणत्या सप्ताहातले: एवढे एका वहीत उतरवावे आणि वस्तूचा फोटो जोडावा. सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम येत्या सप्ताहाआधी व्हायला हवे.