वेष्टन कंपनीचे, भाग कोणाचा?

दसऱ्याच्या दिवशी नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतून फेरफटका मारला, तर लहानमोठ्या कारखान्यांच्या दारांवर झेंडूची तोरणे आणि यंत्रांवर हळदकुंकू दिसते. रस्त्यावरच्या मोटारींनाही हार चढलेले असतात. शस्त्रांबरोबर अवजारे पुजण्याची आपली रीत जुनी आहे आणि मंत्रभूमीची यंत्रभूमी झाल्यावरही नाशिकने ती सोडलेली नाही. पुढे वर्षभरात त्याच मोटारीचा ब्रेक लायनर झिजतो, क्लच प्लेट जाते आणि ती द्वारका परिसरातल्या एखाद्या गॅरेजपुढे येऊन उभी राहते. बॉनेट उघडून झाल्यावर मेकॅनिक विचारतो, "साहेब, कंपनीचा टाकू की बाहेरचा?"

या प्रश्नाला बहुतेक वाहनमालक दोनपैकी एक उत्तर देतात. खिसा हलका असेल तर 'बाहेरचा' आणि मनात भीती असेल तर 'कंपनीचा'. विचार करून दिलेले उत्तर विरळाच. त्याचा सगळा दोष ग्राहकाला देता येणार नाही, कारण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. 'बाहेरचा' या एका शब्दात तीन अगदी वेगळ्या वस्तू कोंबलेल्या असतात. पहिली, मोटार कंपनीला तोच भाग पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बाजारात आणलेली. दुसरी, मोटार कंपनीशी संबंध नसलेल्या, पण आपले नाव लावून धंदा करणाऱ्या स्वतंत्र उद्योजकाची. आणि तिसरी, दुसऱ्याच्या नावाचे वेष्टन छापून विकलेली नक्कल. पहिल्या दोहोंत उद्योग आहे, तिसरीत चोरी आहे. गॅरेजच्या काउंटरवर मात्र तिन्ही एकाच फडताळात शेजारी-शेजारी बसतात आणि ग्राहकाला त्यांच्यातला भेद फक्त किमतीत दिसतो.

बरे, 'कंपनीचा' म्हणजे तरी कोणाचा? मोटार कंपनी आपल्या गाडीचे सगळे भाग स्वतः बनवत नाही. जगातली कोणतीच बनवत नाही. बेअरिंग एकाकडून, दिवे दुसऱ्याकडून, ब्रेकची यंत्रणा तिसऱ्याकडून घेऊन गाडीची जुळणी होते. हे सत्य नाशिककराला कोणी शिकवण्याची गरज पडू नये. बोलेरो २००० मध्ये आणि स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली, ती सातपूरच्या महिंद्रच्या कारखान्यातून. त्या कारखान्याभोवती सातपूर, अंबड आणि सिन्नरमध्ये पत्र्याचे भाग दाबणारे, गिअर कापणारे, रबराचे बुश ओतणारे शेकडो कारखानदार उभे राहिले. त्यांतले कितीतरी नोकरी सोडून, बँकेचे कर्ज काढून, दोन लेथ घेऊन सुरुवात केलेले मराठी तरुण होते. त्यांच्या हातून निघालेला भाग मोटार कंपनीच्या वेष्टनात जातो, तेव्हा त्यांचे नाव पुसले जाते. तोच भाग अधिकृत सेवा केंद्रात परत येतो तो कंपनीच्या नावाने आणि कंपनीने ठरवलेल्या किमतीने. सातपूरला बनलेली वस्तू सातपूरच्याच ग्राहकाला चढ्या भावाने मिळते आणि ती आपल्या शेजाऱ्याने बनवली आहे, याचा त्याला पत्ताही नसतो.

याला सन्माननीय अपवाद आहे, तो मोठ्यांचा. मायको म्हणजे आजची बॉश. २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलले, पण नाशिककरांनी चौकाचे नाव मायको सर्कल असेच ठेवले. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनवणारा नाशिकचा हा कारखाना मोटार कंपन्यांनाही माल देतो आणि स्वतःच्या नावाच्या वेष्टनातही विकतो. मेकॅनिक त्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. कंपनीची मालकी जर्मन, हात नाशिकचे. जर्मन मालकाला भारतीय बाजारात आपले नाव टिकवता आले, आणि अंबडच्या गाळ्यात तितक्याच निगुतीने काम करणाऱ्या आपल्या उद्योजकाला ते लावताही येऊ नये, हे स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावे असे आहे.

त्याला ते लावता का येत नाही, याचे उत्तर भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात सापडते. एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून २०११ पासून ही चौकशी चालली होती. चौदा मोटार कंपन्यांना आयोगाने मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत परदेशी कंपन्या होत्या तशा टाटा आणि महिंद्रही होत्या, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. महिंद्रवरचा दंड २९२ कोटींचा होता. आयोगाचा निष्कर्ष असा की, भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना ते भाग खुल्या बाजारात विकण्यास या कंपन्या करारांनी रोखतात, स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळू देत नाहीत आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी रद्द करण्याची धमकी देतात. ग्राहकाने गाडी एकदा घेतली की तो बांधला गेला. मग भागाची किंमत किती लावायची, याला धरबंध उरत नाही. आयोगाने दंडाबरोबरच हे करार बंद करण्यास, सुट्या भागांच्या किमती व समान दर्जाच्या पर्यायांची माहिती जाहीर करण्यास आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द न करण्यास फर्मावले. दंडाचा वाद पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेला. पण त्या आदेशाने जे उघड झाले, ते कोणत्याही अपिलाने झाकले जाणार नाही.

कंपन्यांचा बचाव सुरक्षिततेचा होता आणि तो सर्वस्वी खोटा नाही. येथे बाहेरच्या मालाच्या समर्थकांनीही कान उघडे ठेवले पाहिजेत. ब्रेकचा लायनर तंतू, धातूची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे राळेसारखे द्रव्य यांपासून घडतो. गाडी थांबवताना तिच्या वेगाची उष्णता होते आणि ती या लायनरला सोसावी लागते. हलक्या मालात बांधणारे द्रव्य कमअस्सल असते. ते तापले की घर्षण घटते आणि चालकाचा पाय खोल जातो, पण गाडी थांबत नाही. गंगापूर रोडवर भाजी आणायला जाताना हा दोष कळत नाही. तो कळतो द्राक्षांच्या पेट्या भरून निघालेल्या पिकअपला, इगतपुरी मागे टाकून कसारा घाटाच्या उतारावर. दिसायला दोन्ही लायनर सारखेच. ऑइल फिल्टरचेही तसेच आहे. डब्याच्या आत कागद कोणता, झडपेची स्प्रिंग किती ताणाची, हे फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि पाच-पन्नास रुपये वाचवण्याची किंमत इंजिन चुकवते. गाडीच्या भागांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून उभी आहे. ज्या स्वतंत्र उत्पादकाने आपला माल अशा कसोटीवर लावला आहे तो आणि ज्याने फक्त साचा चोरला आहे तो, यांना एकाच तराजूत तोलणे हा पहिल्यावर अन्याय आहे.

नकली मालाविरुद्ध कायदा नाही असे नव्हे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली खोटे चिन्ह लावून माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कौटिल्याने तर अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' या अधिकरणाचा आरंभच कारागीर आणि व्यापारी यांच्या लबाडीपासून प्रजेला वाचवण्याने केला. हलका माल उंची म्हणून विकणारा हा त्याच्या लेखी राज्याच्या पायातला काटा होता. आपल्याकडे हा काटा निघतो तो क्वचित पडणाऱ्या छाप्यांपुरता. छाप्यात नकली वेष्टनांचे ढीग सापडतात, वर्तमानपत्रांत छायाचित्र येते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गाळ्यात तोच छापखाना चालू होतो. त्यात बाहेरून येणाऱ्या मालाची भर. भारतात आयात होणाऱ्या मोटारभागांत चीनचा वाटा सर्वांत मोठा आहे. नाव नसलेल्या चिनी भागावर येथे कोणाचेही नाव छापता येते, हे नकली धंद्याचे मोठे भांडवल आहे.

असे पाहिले तर, मोटार कंपनी आणि नकली माल विकणारा हे दोघे एकमेकांचे शत्रू असले, तरी एका बाबतीत त्यांचे वर्तन सारखे आहे. दोघेही खऱ्या उत्पादकाचे नाव ग्राहकापासून लपवतात. एक कायदेशीर कराराने, दुसरा गुन्हा करून. दोघांच्या कात्रीत सापडतो तो अंबडचा उद्योजक.

युरोपने ही गाठ २००२ मध्येच ओळखली होती. त्या वर्षीच्या नियमाने मोटार कंपन्यांना बजावले की, भाग पुरवणाऱ्या कारखान्याला त्या भागावर आपले चिन्ह ठळकपणे लावण्यास मनाई करता येणार नाही. २०१० मध्ये नवा नियम आला तेव्हाही ही तरतूद कायम राहिली. अमेरिकेने त्याही आधी, १९७५ च्या कायद्याने, विशिष्ट कंपनीचाच भाग वापरला पाहिजे अशी अट वॉरंटीला घालण्यास बंदी केली. पश्चिमेची नक्कल करण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी कधीतरी अशा गोष्टींचीही करावी. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. पाऊल स्वागतार्ह आहे. पण माहितीचे संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. पुरवठादाराला स्वतःचे नाव भागावर कोरण्याचा आणि तो भाग खुल्या बाजारात विकण्याचा अधिकार कायद्यातच लिहिला गेला पाहिजे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली आणि बारा वर्षांनी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. ग्राहक पंचायत आणि लघुउद्योग भारती यांनी हा विषय एकत्र हाती घ्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. ग्राहक आणि लघुउद्योजक यांचे हित इतक्या सरळपणे एकाच बाजूला असण्याचे प्रसंग थोडे येतात.

तोवर वाहनमालकाने काय करावे? गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचा भाग घेणे व्यवहाराचे आहे; आयोगाचा आदेश खिशात ठेवून सेवा केंद्राशी भांडण्याची उसंत प्रत्येकाला नसते. वॉरंटी संपल्यावर मात्र भागाचे काम पाहून ठरवावे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेंशनचे बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट, एअरबॅग यांत कंपनीचा किंवा कंपनीला पुरवणाऱ्याच्या नावाचा भाग सोडून दुसरीकडे वळू नये. बम्पर, आरसा, वायपर यांसाठी नावाजलेल्या स्वतंत्र उत्पादकाचा माल पुष्कळ झाला. अपघाताच्या दाव्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर विमा कंपनी साध्या पॉलिसीत निम्मी घट धरते, म्हणजे महागड्या बम्परचे अर्धे पैसे मालकाच्याच खिशातून जातात, हे पुष्कळांना बिल हातात आल्यावर समजते.

जुन्या गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. निफाड, दिंडोरीच्या शेतकऱ्याकडे पंधरा वर्षांची पिकअप असते. कांदा भरलेला असतो, लासलगावला लिलाव असतो आणि कंपनीचा भाग 'मागवावा लागेल, चार दिवस थांबा' असे उत्तर मिळते. अशा वेळी त्याची गाडी चालू ठेवतो तो बाहेरचा भाग आणि तालुक्याच्या गावचा मेकॅनिक. या दोघांना सरसकट 'डुप्लिकेट' म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा कांद्याच्या हंगामात त्या रस्त्यावर उभे राहून पाहावे.

मात्र भाग कोणताही असो, वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर तो भाग गाडीला लावू देऊ नये. जुना भाग काढल्यावर परत मागावा, नवा भाग वेष्टनासकट आधी पाहावा. आणि बिल. नाशिकच्या गॅरेजांत, नाशिकच्याच कशाला, सगळीकडेच, बिलाची गोष्ट काढली की "बिल पाहिजे असेल तर जीएसटी लागेल" हे उत्तर ठरलेले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या मोटारभागांवर सरसकट अठरा टक्के कर झाला. पूर्वी अनेक भागांवर तो अठ्ठावीस होता. दहा टक्क्यांची सवलत पदरात पडल्यावरही उरलेले अठरा वाचवण्याचा मोह सुटत नाही आणि ग्राहक चिठ्ठीवर समाधान मानून निघून जातो. त्या चिठ्ठीवर भागाचा क्रमांक नसतो, उत्पादकाचे नाव नसते. उद्या घाटात लायनरने दगा दिला, तर ग्राहक मंचापुढे ठेवायला हातात काय उरले? २०२७ च्या सिंहस्थासाठी राज्यभरातून, देशभरातून भाविकांना घेऊन हजारो भाड्याच्या गाड्या याच घाटांतून नाशिक-त्र्यंबकेश्वरी येतील. त्या गाड्यांच्या लायनरवर कोणाचे नाव आहे, हे त्यांत बसलेल्यांना विचारता येणार नाही. गाडीच्या मालकाला ते आज, गॅरेजच्या काउंटरवर, बिल हातात घेण्याआधी विचारता येते.