दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचाच

'वापरणाऱ्याने भलतंच टाईप केलं, त्यात प्रोग्रॅमचा काय दोष?' पेण-रोह्याकडची पायथन शिकणारी मुलं हे बिनदिक्कत विचारतात आणि त्यांना शिकवणारे माना डोलावतात. मी स्पष्टच सांगतो, दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचाच.

हमरापूर-जोह्याच्या एखाद्या गणपती कारखान्यासाठी ऑर्डरवहीचा प्रोग्रॅम घ्या. 'किती मूर्ती?' असं विचारायचं आणि आलेलं इनपुट थेट इंटमध्ये कोंबायचं. कारखानदाराने मराठीत '१२' लिहिलं तर पायथन ते मुकाट घेतो, देवनागरी अंक त्याला चालतात. तोच माणूस बिलबुकात लिहितो तसं '१,२००' लिहितो, की आला व्हॅल्यूएरर आणि प्रोग्रॅम आडवा! पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग. त्या माणसाचं चुकलं काय? स्वल्पविराम काढायला रिप्लेसची एक ओळ पुरते. ती लिहायचा कंटाळा तुम्ही केलात.

यावर क्लासात मिळणारा तोडगा तर भयंकर आहे. सगळा प्रोग्रॅम ट्रायमध्ये घाला, खाली नुसतं एक्सेप्ट, त्यात पास. हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे. नुसतं एक्सेप्ट व्हेरिएबलच्या नावातली तुमची स्वतःची चूक गिळतं, प्रोग्रॅम थांबवायला दाबलेलं कंट्रोल-सी सुद्धा गिळतं. ऑर्डर नोंदलीच गेली नाही, हे कारखानदाराला कळणार ऐन गणपतीच्या तोंडावर.

काहीजण इझडिजिट लावून मोकळे होतात. वर्गाचा छोटा दोन दिला तर ते 'हो' म्हणतं आणि पुढे इंट त्याच दोनावर कोसळतं. उलट उणे पाच इंट बिनतक्रार घेतं. उणे पाच मूर्ती कोण घडवणार? ते अडवणं इफचं काम आहे, आणि तो इफ तुम्हीच लिहायचा आहे.

१९९७ साली अमेरिकेच्या यॉर्कटाउन युद्धनौकेवर एका नौसैनिकाने एका रकान्यात शून्य भरलं. शून्याने भागाकार झाला, यंत्रणा कोलमडली आणि नौका सुमारे पावणेतीन तास समुद्रात ठप्प झाली. रोह्याशेजारी धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. हीच मुलं उद्या तिथे तापमानाचे आकडे विचारणारे प्रोग्रॅम लिहितील. तिथेही पास लिहायचं?

योग्य रीत अवघड नाही. व्हाईल ट्रू लावा. ट्रायमध्ये फक्त इंटची ओळ ठेवा. एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएररचं नाव घ्या. 'मूर्तींची संख्या आकड्यात लिहा, उदाहरणार्थ १२' असं माणसाला त्याच्या भाषेत सांगा. मग मर्यादा तपासा आणि उत्तर पटलं तरच ब्रेक. हे पहिल्या इनपुटबरोबरच शिकवायला हवं, कोर्सच्या शेवटी उरलेल्या वेळात नव्हे. ज्यांना एवढंही शिकवायचं नाही, त्यांनी मुलांकडून फी घेऊ नये.