चित्रातली गाडी आणि डिंडोलीची गाडी

विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत हिंदुस्थानातील रेल्वेने काढलेली भित्तिचित्रे आज संग्राहकांच्या लिलावांत मोठ्या किमतीला विकली जातात. ताजमहाल, बनारसचे घाट, दार्जिलिंगची हिमशिखरे असे विषय मोजक्या सपाट रंगांत त्यांत उतरलेले दिसतात. रेल्वेच्या प्रसिद्धी विभागाची कार्यालये लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये होती, यावरूनच चित्रांचा प्रेक्षक कोण हे उघड होते. फलाटावरची गर्दी त्यांत सहसा आढळत नाही.

ज्या गाड्यांचा गाजावाजा झाला, त्याही याच प्रेक्षकासाठी होत्या. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली फ्रंटियर मेल बॅलार्ड पियरला बोटीतून उतरलेल्या साहेबाला सुरतमार्गे उत्तरेकडे नेई. १ जून १९३० रोजी निघालेल्या डेक्कन क्वीनमध्ये तर तिसऱ्या वर्गाचा डबाच नव्हता. तो १९५५ मध्ये जोडला गेला. त्या तिसऱ्या वर्गाचे हाल गांधीजींनी १९१७ मध्येच जाहीरपणे मांडले होते.

सुरतच्या डिंडोलीतील माणसाची गाडी या परंपरेत कुठेच बसत नाही. यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि भरतकामाच्या उद्योगांनी खानदेशातून माणसे खेचून आणली. डिंडोली, लिंबायत, उधना या वस्त्यांत अहिराणी घरोघरी बोलली जाते. आखाजीला माहेरी, लग्नसराईत गावी, शेतीच्या कामाला चार दिवस जायचे, तर भरवसा सुरत–भुसावळ पॅसेंजरचा. शतकापूर्वी तापी व्हॅली रेल्वेने घातलेल्या मार्गावरून ती नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, पाळधी अशी थांबत जाते. वाटेत नवापूरचे स्थानक लागते. तिथे राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते, आणि बाकाचे एक टोक गुजरातेत तर दुसरे महाराष्ट्रात असते. भित्तिचित्राला याहून चांगला विषय मिळाला नसता!

ज्या गाडीची जाहिरात नाही, तिच्यात केलेला बदलही कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, हे गेल्या काही वर्षांत दिसले. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुढे त्या परतल्या, पण ‘विशेष’ आणि ‘एक्सप्रेस’ या नावांनी. डबे, थांबे आणि वेग बहुतांशी तेच राहिले. किमान भाडे मात्र १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. जुने भाडे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. जवळच्या स्थानकापर्यंत जाणाऱ्या मजुराने केवळ नावाच्या बदलापोटी तोवर तिप्पट पैसे मोजले.

गोमंतकीयांना हे अपरिचित नाही. २७ जून २०२३ रोजी मडगाव–मुंबई वंदे भारत झेंडी दाखवून निघाली, तिची छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्याच कोकण मार्गावरची रत्नागिरी पॅसेंजर दादरऐवजी दिव्यालाच थांबू लागली, ती गोष्ट प्रवासी संघटनांच्या निवेदनांतच राहिली. नव्या गाड्या नकोत असे कोणी म्हणत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये उधना–ब्रह्मपूर अमृत भारत सुरू झाली; ती बिगरवातानुकूलित आहे, श्रमिकांसाठी आहे, आणि तिचे स्वागतच व्हायला हवे. परंतु लांब पल्ल्याची गाडी पाळधीच्या प्रवाशाला उपयोगी नाही.

उधना–जळगाव या ३०६ किलोमीटर मार्गाचे दुहेरीकरण झाले आहे, त्यामुळे एकेरी रुळांची जुनी सबब आता चालणारी नाही. खानदेशी मतदार येथे दुर्लक्षितही नाहीत: नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, लिंबायतच्या आमदार संगीता पाटील. वाढलेली क्षमता मालगाड्या आणि दूरच्या गाड्यांना किती द्यायची, आणि आखाजीच्या आठवड्यात पॅसेंजरला जादा डबे किती जोडायचे, हे त्यांनी रेल्वेकडून लेखी मागून घ्यावे.